निरोगी उंदराची डिश मागणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

लॅबमधून तुम्ही गेलात त्या दिवशी बोलायचं राहिलं, म्हणून हे उघड पत्र.

४टी१ या कर्करोगाच्या पेशी मला तुम्हीच वाढवायला शिकवल्यात. बॅल्ब-सी जातीच्या उंदराच्या स्तनात आपोआप झालेल्या गाठीतून त्या आल्या. स्त्रियांमधल्या ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हॉर्मोनवरची नेहमीची औषधं ज्यावर चालत नाहीत अशा, स्तनाच्या कर्करोगासारख्याच त्या आक्रमक. गाठीतून निघून फुफ्फुस, यकृत, हाडं, मेंदूपर्यंत पोचतात. त्याच गाठीतून काढलेल्या ६७एनआर पेशी मात्र गाठ करून तिथेच थांबतात. "दोघी बहिणी. एक घर सोडते, एक सोडत नाही. का, तेच शोधायचंय," असं तुम्ही म्हणालात आणि मला माझा विषय सापडला. शिवाय उंदीर आणि पेशी एकाच जातीच्या असल्यामुळे उंदराची प्रतिकारशक्ती शाबूत ठेवून काम करता येतं. माणसाच्या पेशी उंदरात वाढवताना ते जमत नाही.

पण मनात घर करून आहे तो दिवस वेगळाच. ४टी१ टोचून औषध दिलेल्या उंदरांची फुफ्फुसं बारीक कापून, कोलॅजिनेज या विकराने पेशी मोकळ्या करून लावलेल्या डिश पेशींनी काठोकाठ भरल्या होत्या. औषधाचा काडीचाही उपयोग झाला नाही, असं समजून मी रडकुंडीला आले. तुम्ही मायक्रोस्कोपला डोळा लावलात आणि एवढंच विचारलंत, "निरोगी उंदराची डिश कुठंय?"

तीही तशीच भरलेली होती!

मग मला शेजारी बसवून दाखवलंत: लांबट, टोकदार, एकाच दिशेने वाहत गेल्यासारख्या पेशी. फायब्रोब्लास्ट, म्हणजे अवयवाला आधार देणाऱ्या ऊतीतल्या साध्या पेशी. ४टी१ तर फरसबंदीसारख्या एकमेकींना चिकटून बसतात. मीडियात, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात, ६-थायोग्वानिन हे औषध घालायचं माझ्याकडून राहिलं होतं. त्यात फुफ्फुसाच्या नेहमीच्या पेशी मरतात आणि ४टी१ तगतात, म्हणून तर पसरलेल्या पेशी मोजता येतात.

तुम्ही रागावला नाहीत. पुन्हा उंदीर वापरावे लागणार याचं मात्र तुम्हाला फार वाईट वाटलं, आणि ते मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं. पुढच्या खेपेला सुट्टी असूनही आलात. मेथिलीन ब्लूने रंगवलेल्या ४टी१ पेशींच्या वसाहती आपण दोघींनी वेगवेगळ्या मोजल्या, डिशवरची नावं झाकून. त्या आकड्यांवर मी आजही विश्वास ठेवते.

आता दर वेळी पहिली डिश निरोगी उंदराची लावते. तिच्या झाकणावर तुम्ही द्यायचात तसाच निळा ठिपका देते.

मनापासून आभार, ताई.

तुमची,
कल्चर रूममधली धाकटी