समुपदेशनाचा एकूण खर्च पहिल्याच दिवशी सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी बेळगावच्या वडगावात राहते. घरी शिवणकाम करते, यजमान यंत्रमागावर आहेत. मध्यंतरी मागाचं काम अर्ध्यावर आलं, तेव्हापासून त्यांची झोप उडाली, जेवण तुटलं, माणसांत बसणं बंद झालं. उपचार झाले, अजून चालू आहेत, आणि ते कामावर जाऊ लागले आहेत. हे पत्र मी खर्चाबद्दल लिहिते आहे. आमच्या गल्लीत मनाच्या आजाराबद्दल आता दबक्या आवाजात का होईना बोललं जातं, पण त्याला किती पैसे लागतात हे कोणी सांगत नाही. आणि उपचार अर्ध्यावर सुटतात ते बहुतेक वेळा पैशापायीच.

आम्ही आधी एका खासगी समुपदेशकाकडे गेलो. एका बैठकीचे 800 रुपये. असे किती वेळा यावं लागेल हे कोणी बोललं नाही. बऱ्याच दिवसांनी कळलं की दर आठवड्याला एक, अशा किमान 12 बैठका धरायच्या. म्हणजे 9,600 रुपये. त्यावर रिक्षा, आणि प्रत्येक वेळी यजमानांची अर्ध्या दिवसाची बुडालेली मजुरी. आठवड्याला अडीच-तीन हजार हातात येणाऱ्या घराला हा आकडा पहिल्याच दिवशी कळायला हवा. कळला तर माणूस भिशी उचलतो, मुलांच्या फीची तारीख बघतो, काहीतरी जुळवतो. मध्येच कळला की तो जाणंच सोडून देतो.

फी जास्त का, हेही मी समजून घेतलं आहे. डॉक्टर एका सकाळी तीस-चाळीस पेशंट तपासू शकतात. समुपदेशकाला एका माणसाला पाऊण तास ते तास द्यावाच लागतो, त्यामुळे दिवसाला पाच-सहापेक्षा जास्त माणसं होत नाहीत. त्यातच खोलीचं भाडं आणि त्यांचा संसार. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायला एमएनंतर आणखी प्रशिक्षण लागतं आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. ती नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नये. थोड्या दिवसांचा कोर्स करूनही पाट्या लागतात, आणि पैसे तेवढेच जातात.

विचारलं की वाटा निघतात, हे मला नंतर उमगलं. पहिल्या काही बैठकांनंतर आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी आलं तर चालेल का? मधल्या दिवसांत घरी करायचे अभ्यास लिहून द्याल का? आमचं उत्पन्न एवढं आहे, फी कमी होईल का? काही समुपदेशक अशा घरांसाठी कमी फीच्या थोड्या वेळा राखून ठेवतात. त्याची पाटी मात्र लावत नाहीत.

खासगीत जमत नसेल तर सरकारी सोय आहे, आणि ती पुष्कळांना ठाऊक नाही. बिम्समध्ये, म्हणजे आपल्या सिव्हिल हॉस्पिटलात, मानसोपचार विभाग आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ‘मनोचैतन्य’ योजनेखाली मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येतात. खानापूर, निपाणीकडच्यांनी कोणत्या मंगळवारी येतात ते आधी विचारून जावं. आजार जुना असेल तर धारवाडची डिमहान्स ही मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. धारवाडात मनोरुग्णांची सोय 1845 पासूनची. राज्याच्या शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस मोफत आहे, त्यामुळे तिथे जायला मला तिकीट लागत नाही, यजमानांना लागतं, तेवढं धरून चालायचं. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 सांगतो की दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी ठिकाणी हे उपचार मोफत मिळाले पाहिजेत, मग त्याच्याजवळ बीपीएल कार्ड असो वा नसो. खिडकीवर कार्ड मागून कोणी परत पाठवलं, तर हे कलम 18 दाखवावं. उद्यमबागेतल्या कारखान्यात काम करणाऱ्यांचा महिन्याचा पगार 21,000 पर्यंत असेल, तर ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, कापली जाते. त्या कार्डावर मनाच्या आजाराचेही उपचार होतात. पगारातून पैसे जातात, ती सोय वापरा.

विम्याचं मात्र मला फार खुपतं. मानसिक आरोग्याच्या याच 2017 च्या कायद्याने शरीराच्या आजाराइतकंच मनाच्या आजारालाही विमा संरक्षण द्यायला सांगितलं आहे. पण बहुतेक पॉलिसी दवाखान्यात दाखल झाल्यावरच पैसे देतात. समुपदेशन म्हणजे खुर्चीवर बसून बोलणं, त्याला कोण दाखल करून घेणार? आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक या सरकारी योजनेचंही तसंच. सीमाभागातल्या 865 गावांसाठी महाराष्ट्राने महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली, त्यावरून दोन्ही राज्यांत केवढा वाद झाला. पण त्या योजनेचाही भर दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवरच. आठवड्याच्या त्या एका तासाचे पैसे इकडचं सरकारही देत नाही आणि तिकडचंही.

भाषेचाही खर्च आहे. यजमान बाजारात सफाईने कन्नड बोलतात. पण रात्री छातीत काय होतं, मनात काय काय येतं, हे त्यांना मराठीतच सांगता येतं. मराठी बोलणारा समुपदेशक हवा म्हणून आमच्या ओळखीचे लोक कोल्हापूर गाठतात आणि शंभर किलोमीटरचं भाडं अंगावर घेतात. त्याआधी टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा. ही केंद्र सरकारची चोवीस तास चालणारी मोफत सेवा आहे, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं. फोनवर सगळं सुटत नाही. पण कुठे जायचं एवढं जरी कळलं, तरी एक फेरी वाचते.

माझी मागणी दोन ठिकाणी आहे. खासगी वैद्यकीय संस्थांच्या 2007 च्या कायद्यानुसार आपल्या राज्यात दवाखान्यांना दर लोकांना दिसतील असे लावावे लागतात. समुपदेशकांनीही आपली फी आणि साधारण किती बैठका लागतील हे कन्नड आणि मराठीत दारावर लावावं, आणि पहिल्या बैठकीतच तोंडीही सांगावं. जिल्हा आरोग्य खात्याने सिव्हिलमध्ये मराठीत बोलणाऱ्या समुपदेशकाचे वार आणि वेळ ठरवून जाहीर करावी. आपल्या वृत्तपत्रात रोज बाजारभाव छापता, त्याच्या शेजारी तालुक्यांचे मंगळवार आणि 14416 हा क्रमांक छापला, तर वडगाव-शहापूरच्या माग कामगारांच्या घरांत तो नक्की वाचला जाईल.

आपली,
एक वाचक, वडगाव, बेळगाव
(घरच्यांच्या इच्छेनुसार नाव छापू नये, ही विनंती.)