दरीतल्या हॉटेलातले गरम पाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डोंगरदऱ्यांतल्या साध्या हॉटेलांत राहून आलेल्या पाहुण्यांच्या अभिप्रायांत एक तक्रार ठरलेली असते : 'चोवीस तास गरम पाणी म्हणाले होते, मिळाले जेमतेम बादलीभर.' मालक लबाड, असे म्हणून विषय संपतो. लबाडी क्वचितच असते. गणित असते, आणि ते पाहुण्याला कुणी आधी सांगत नाही. तक्रार करायची तर त्याची करावी.

खोलीत बहुधा १५ लिटरचा, २ किलोवॉटचा गिझर असतो. सपाटीवर नळाचे पाणी २५ अंशांचे असेल, तर ते ६० अंशांपर्यंत तापायला १८-२० मिनिटे लागतात आणि गार पाणी मिसळून अंघोळीजोगे, म्हणजे ४० अंशांचे, साधारण ३५ लिटर पाणी निघते. दरीत हिवाळ्यात नळाला ८ अंशांचे पाणी येते. तोच गिझर आता २७-२८ मिनिटे घेतो आणि देतो अवघे २४ लिटर. मिनिटाला ८ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली ते तीन मिनिटांत संपते. बादली घेतली तर एकाची अंघोळ नीट होते. दुसऱ्याने अर्धा तास थांबायलाच हवे.

हे झाले वीज धड असताना. दरीतले गाव बहुतेकदा लाइनच्या शेवटच्या टोकाला. सकाळी सगळ्या खोल्यांचे गिझर एकदम लागले की २३० चे व्होल्टेज १८० वर येते, आणि गिझरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्याने ती उरते साठ टक्के. अर्ध्या तासाचे काम पाऊण तासावर जाते. पाच खोल्यांचे मिळून १० किलोवॉट होतात. वीज कंपनीने हॉटेलला दिलेला मंजूर भार त्याहून कमी असेल तर मेन एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारा मुख्य स्विच, पडतो आणि सगळेच गारठतात. मोठा गिझर हा यावर उपाय नव्हे, तो तापायला आणखी वेळ घेतो. खोल्यांच्या दोन पाळ्या कराव्यात, निम्म्या खोल्या सहा ते सात आणि उरलेल्या सात ते आठ, आणि तसा कागद बाथरूमच्या दाराला चिकटवावा. एवढ्याने निम्म्या तक्रारी मिटतील.

गिझर इमारतीच्या मागे सामाईक असेल तर आणखी एक भानगड. आतून १५ मिलिमीटरच्या पाइपात मीटरमागे पावणेदोनशे मिलिलिटर पाणी उभे असते. वीस मीटर अंतर असेल तर आधी साडेतीन लिटर गार पाणीच येणार. पाहुणा हात लावतो, 'गारच आहे' म्हणत नळ बंद करतो आणि खाली फोन करतो. सोलर असेल तर संध्याकाळी अंघोळ उरकावी; डोंगराआडून ऊन उशिरा येते आणि सकाळी टाकीत असते ते कालचे, रात्रभर निवलेले पाणी.

नदीकडेच्या खोलीसाठी सगळे भांडतात. फोटोत ती खरोखरच सुंदर दिसते! पण गार हवा जड असते, रात्री उतारावरून घरंगळत दरीच्या तळाशी साचते, त्यामुळे थंडीत सर्वांत गार आणि ओलसर खोली बहुतेकदा तीच. खोली ठरवताना 'व्ह्यू आहे का' याऐवजी 'ऊन किती वाजता येते' हे विचारावे.

ओल मात्र निम्मी पाहुण्यांचीच देणगी. दोघे जण रात्रभर बंद खोलीत झोपले की श्वासातली वाफ गार काचेवर पाणी होऊन ओघळते. त्यात हीटरसमोर ओले मोजे वाळत घातलेले असतात. मग अंथरूण दमट लागते आणि अभिप्रायात 'चादरी बदलल्या नव्हत्या' असे येते. अंघोळीनंतर पंधरा मिनिटे एक्झॉस्ट फॅन चालू ठेवावा, दुपारी खिडकी उघडावी. हॉटेलवाल्यांनीही खोली रिकामी होताच गाद्या उभ्या करून वारा लागू द्यावा. बंद राहिलेल्या खोलीत गटाराचा वास येतो, कारण नहाणी ट्रॅपमधले, म्हणजे मोरीच्या जाळीखाली साचून गटाराचा वास अडवणारे, पाणी आटून गेलेले असते. पाहुणे येण्याआधी तांब्या-दोन तांबे पाणी ओतले की वास थांबतो. रूम फ्रेशनरने तो फक्त झाकला जातो.

या सगळ्या गैरसोयी झाल्या. एका गोष्टीवर मात्र तडजोड नको. बाथरूमच्या आत बसवलेला गॅस गिझर आणि बंद खोलीत ठेवलेली कोळशाची शेगडी, दोन्हींतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, मळमळते, आणि माणूस त्याला 'उंचीचा त्रास' किंवा प्रवासाचा शीण समजून आडवा होतो. गॅस गिझर बाहेरच्या भिंतीवर, मोकळ्या हवेत हवा. तो आत दिसला तर अंघोळ राहू द्यावी आणि खोली बदलून मागावी. शेगडी झोपण्यापूर्वी खोलीबाहेर काढावी. खिडकीची फट पुरेल, या भरवशावर राहू नये. आणि पहाटे दोघांचेही डोके एकदम दुखू लागले, तर गोळी शोधत बसण्याआधी दार उघडून दोघांनीही बाहेर यावे.

आपला,
एक वाचक