१२० ठोक्यांचा घोळ

प्रिय सुमे,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, चार महिने होऊन गेले. कारणं सांगत बसत नाही, तुला ती पाठ आहेत. प्रकृती बरी, खोकला होता, गेला. आज बसलेच लिहायला, कारण तुझं एक जुनं म्हणणं खरं निघालंय आणि ते दुसऱ्या कुणापाशी कबूल करायची सोय नाही. इतरांना सांगितलं तर म्हणतील, त्यात काय एवढं.

२२० वजा वय. हो, तेच, मिनिटाला कमाल ठोके किती ते वयावरून काढायचं सूत्र. ज्यावरून आपण पहिल्या वर्षी आठवडाभर अबोला धरला होता.

सबमिशनची केस अशी: वय ५८, हार्ट अटॅकला तीन महिने झालेत, एक स्टेंट, मेटोप्रोलॉल (ठोके कमी करणारी गोळी, बीटा ब्लॉकर) चालू, बसून ठोके ५६. चालण्याचा कार्यक्रम लिहून द्यायचा. मी सरळ कार्व्होनेनच्या पद्धतीला हात घातला, म्हणजे कमाल आणि बसतानाच्या ठोक्यांतला फरक हा राखीव साठा धरून त्याचे टक्के काढायचे. २२० वजा ५८ म्हणजे १६२. त्यातून ५६ गेले, राहिले १०६. त्याचे ४० ते ६० टक्के काढून ५६ परत मिळवले की ९८ ते १२०. मध्यम व्यायाम. सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली रेघ मारली.

मग केस पेपरचं पान उलटलं. गोळी चालू ठेवून केलेल्या ट्रेडमिल टेस्टमध्ये या गृहस्थांचे सर्वांत जास्त ठोके ११८.

म्हणजे त्यांच्या कमालीच्याही वरचा आकडा मी ‘मध्यम’ म्हणून लिहून दिला होता. हस, हस. तुझा हक्कच आहे.

बीटा ब्लॉकर बसतानाचे ठोकेही उतरवतो आणि जोराच्या कामातले त्याहून जास्त उतरवतो, हे मला व्हायवात झोपेत विचारलं तरी सांगता येतं. पण सूत्र हातात आलं की गोळ्यांची यादी डोळ्यांआड होते. आणि गोळी नसती तरी काय? ते सूत्र १९७१ चं, सरासरीचं. एकेका माणसाचे खरे कमाल ठोके त्यापासून सहज दहा-बारा इकडेतिकडे असतात. तनाकाचं २००१ चं सूत्र घेतलं, २०८ वजा ०.७ गुणिले वय, तर १६७ येतात. सुधारणा करायला जावं तर आणखी पाच ठोके खड्ड्यात.

आता टेस्टचे ११८ धरून परत केलं. ११८ वजा ५६, राखीव ६२. ४० टक्क्यांना ८१, ८० टक्क्यांना १०६. सुटले म्हणावं तर पुढची ओळ: १०८ ठोक्यांना ईसीजीत, छातीवरच्या व्ही५ लीडमध्ये, एसटीची रेघ १ मिमी खाली, म्हणजे रक्त कमी पडत असल्याची खूण, पण छातीत दुखणं नाही. हृदयाला रक्त कमी पडायला लागतं त्या आकड्याच्या निदान दहा ठोके खाली राहायचं, म्हणजे वरची हद्द ९८. बघ काय झालं ते. माझ्या पहिल्या उत्तरातली खालची हद्द ९८ होती. जिथून सुरुवात कर म्हणून मी सांगत होते, तिथे त्यांनी थांबायला हवं! आणि दुखत नाही म्हटल्यावर ते स्वतःहून थांबणारही नव्हते.

सुमे, हे डोक्यातून जात नाहीये. सबमिशन आहे, कागदच आहे, माणूस नाही, हे कळतं. पण पुढच्या सत्रात कागद नसेल.

त्यात ११८ वर तरी किती विसंबायचं? टेस्ट गोळीनंतर दोन तासांनी झालीय. हे संध्याकाळी चालणार, तोवर सकाळच्या डोसचा जोर ओसरलेला, म्हणून त्याच चालीला ठोके जास्त दिसणार. एरवी टेस्ट रोगनिदानासाठी असली की काही वेळा बीटा ब्लॉकर आधी बंद ठेवतात. तो कमाल आकडा व्यायाम लिहायला बिनकामाचा, कारण घरी माणूस गोळी घेऊनच चालणार. आणि डॉक्टरांनी उद्या डोस बदलला की माझे ८१ ते ९८ शिळे.

मेटचंही तेच (एक मेट म्हणजे नुसतं बसून लागणारा ऑक्सिजन). ब्रूस प्रोटोकॉलची, म्हणजे ट्रेडमिलचा वेग आणि चढ पायरीपायरीने वाढवायच्या टेस्टची, दुसरी पायरी पूर्ण, म्हणून शेऱ्यात ७ मेट. हिशेबाने बरोबर आहे: ताशी ४ किमी म्हणजे मिनिटाला ६७ मीटर, चढ १२ टक्के. ६.७ अधिक १४.५ अधिक ३.५, दर किलो वजनाला मिनिटाला साधारण २४.७ मिली ऑक्सिजन, भागिले एका मेटचे ३.५. पण कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय, ‘कठडा धरून’. कठडा धरला की अंगाचा भार हातांवर जातो, पाय तेवढं काम करत नाहीत, समीकरणाला मात्र त्याचा पत्ता नसतो. खरी क्षमता सातच्या खाली, किती खाली ते कुणीच मोजलेलं नाही. शिवाय कठडा घट्ट धरलेल्या हाताचं बीपी घेतलं असेल तर तोही आकडा गेला. हात सोडवून, कोपर सैल, कफ हृदयाच्या पातळीला, पायरीच्या शेवटच्या मिनिटात. हे तू मला ओरडून ओरडून शिकवलंस. तेव्हा तुझा फार राग यायचा. (ईसीजीचे इलेक्ट्रोड लावताना व्ही४ च्या आधी व्ही३ लावल्याबद्दल तू सगळ्यांसमोर बोललीस, ते मात्र अजून माफ नाही. व्ही४ आधी हवा, कारण व्ही३ हा व्ही२ आणि व्ही४ च्या मधोमध. कळलं होतं मला, हात आधी गेला.)

आता तुझी आवडती बोर्ग पट्टी, श्रम किती वाटतात ते पेशंटने ६ ते २० मध्ये सांगायची. ‘आकडा पेशंटला विचार, सूत्राला नको,’ हे तुझं वाक्य. मान्य. ११ ते १४ मध्ये ठेवायचं, चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. पण तूही फार उड्या मारू नकोस. ६ ते २० ही पट्टी दहाने गुणली की साधारण ठोके यावेत अशी बेतलेली, आणि गोळीवर तो मेळ तुटतो. दुसरं म्हणजे माणसं आपल्याला बरं वाटावं म्हणून ‘तेरा’ म्हणतात. ६ म्हणजे नुसतं बसणं आणि २० म्हणजे आता एक पाऊलही नाही, ही दोन टोकं आधी समजावली नाहीत तर तुझा तेराही माझ्या १२० इतकाच पोकळ. आणि १०८ ला न दुखणारा माणूस पट्टीवर काय सांगणार? इथे आकडाच हवा. निम्मी बाजी माझी.

केसमध्ये इन्सुलिनही आहे, हे शेवटच्या ओळीत टाकलंय, खास पाडायला. साखर उतरली की धडधड आणि थरथर बीटा ब्लॉकर झाकतो, घाम झाकत नाही. त्यांना घामाबद्दल सांगायचं आणि चालण्याआधी साखर मोजायला लावायची. ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खाऊन घ्यायचं.

तुझं काय? नवीन जागा लागली का? आईंचा गुडघा कसा आहे, जिने चढतात का? आणि तो तुझा भाऊ अजून वजनं उचलताना श्वास कोंडून धरतो का? त्याला सांग, बीपी आकाशाला भिडतं.

मी अखेर लिहिलंय ते असं, लाल पेन घेऊन वाच: सपाटीवर चालणं, आधी १० मिनिटं हळू, मग २० मिनिटं, ठोके ८१ ते ९८, बोर्ग ११ ते १३, दोहोंपैकी जे आधी ओलांडेल तिथे चाल कमी. शेवटी १० मिनिटं हळूहळू उतरवणं, एकदम थांबणं नाही, नाहीतर रक्त पायांत साठून बीपी कोसळेल. टेस्ट गोळीनंतर दोन तासांनी झाली म्हणून चालणंही सकाळी त्याच सुमाराला. डोस बदलला तर ठोक्यांची ओळ रद्द, नवी टेस्ट होईपर्यंत फक्त बोर्ग आणि तोही ११ ला. कठडा न धरता पुन्हा टेस्ट करावी अशी डॉक्टरांना विनंती, कारणासह.

डोस बदलल्यावर बोर्ग ११ की १२, यावर अडलेय. शुक्रवारच्या आत कळव.

तुझी,
आकडेवाली