हैदराबादची जागा पक्की केली आहे

भंडारा,
संक्रांतीनंतरचा रविवार

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर बाबा लगेच "बरं बरं, ठीक आहे" म्हणून मोकळे होतात आणि आई गप्प होते. मग रात्रभर दोघंही जागे राहता. म्हणून लिहिते आहे. बाबा, आईला सगळं वाचून दाखवा, मधलं गाळू नका.

एलएलएमसाठी, म्हणजे वकिलीच्या पुढच्या पदवीसाठी, मला हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठात जागा मिळाली आणि ती मी पक्की केली आहे. पैसेही भरून झाले, माझ्या साठवलेल्या पैशांतून. अभ्यासक्रम एकच वर्षाचा आहे. पावसाळ्याच्या तोंडाला जावं लागेल. म्हणजे ऐन धानाच्या रोवणीत मी घरी नसेन. तेवढ्या एका गोष्टीने हात अडत होता. बाकी सगळा विचार शांतपणे केला आहे, तो तुम्हीही शांतपणे ऐका.

नागपूर का नाही, हे बाबा पहिल्यांदा विचारणार. ते मी स्वतःलाही पुष्कळ विचारलं. नागपूर विद्यापीठ १९२३ चं, त्याच्या नावाला काही कमी नाही. पण तिथलं एलएलएम दोन वर्षांचं. वारंग्याचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ २०१६ चं, एक वर्षाचं आणि घरापासून जवळ. ते मी यादीत तिसरं टाकलं होतं. पहिलं बंगलोर, दुसरं हैदराबाद. डिसेंबरमध्ये क्लॅट ही प्रवेश परीक्षा झाली, १२० मिनिटांत १२० प्रश्न, चुकलं की पाव गुण कापला जातो. त्या गुणांवर पहिल्या फेरीत हैदराबाद लागलं. तिथे मला विचारलं गेलं: ही जागा घेऊन थांबायचं, की वरच्या पसंतीची वाट पाहायची? दादाचं म्हणणं होतं की बंगलोरची वाट पाहा, कारण सरकारच्या क्रमवारीत कायद्यामध्ये २०१८ पासून दरवर्षी तेच पहिलं आहे. खरं आहे. पण हैदराबादही त्याच यादीत बहुतेक वेळा तिसरं असतं, एकदा चौथं आलं. पहिल्यात आणि तिसऱ्यात वर्गात बसणाऱ्याला कळावा एवढा फरक असेल, असं मला वाटत नाही. प्रवासात मात्र आहे. नागपूरहून सिकंदराबादला वंदे भारत साधारण सात तासांत पोचते. सकाळी तुमचा फोन आला तर रात्री मी नागपुरात उतरलेली असेन. बंगलोरहून ते जमलं नसतं. दादाला राग आला आहे, तुम्ही त्याला काही बोलू नका. त्याला माझ्यासाठी सगळ्यात चांगलं तेच हवं होतं.

बाबा, तुमचं ते वाक्य मी विसरले नाही. "बोबडे साहेब नागपूरचे, गवई साहेब अमरावतीचे, दोघंही सरन्यायाधीश झाले. ते कुठल्या बंगलोरले गेले होते?" गवई साहेबांनी २०२५ मध्ये शपथ घेतली तेव्हा तुम्ही टीव्हीसमोरून उठला नव्हता, मलाही हलू दिलं नव्हतं. दोघंही इथेच शिकले, आणि त्यांच्या कर्तृत्वात कणभर उणं काढायचं नाही मला. पण बोबडे साहेबांच्या घरात आजोबांपासून वकिली होती. गवई साहेबांचे वडील दादासाहेब, त्यांना सगळा महाराष्ट्र ओळखत होता. मी कोर्टात उभी राहते तेव्हा आधी विचारतात, कोणाची ज्युनिअर? गाव कुठलं? मग आडनाव. मग कोणी पुढचं विचारत नाही. आई, ह्याचा अर्थ आपल्या घरात काही कमी होतं असा काढू नकोस. तुम्ही मला जे दिलं ते त्यांच्यापैकी पुष्कळांना मिळालेलं नाही. फक्त कोर्टाच्या त्या दाराशी ओळख सांगायला आपलं कोणी नाही. माझ्यासाठी ती ओळख विद्यापीठाला सांगावी लागणार आहे. मोठ्या नावाचा मला एवढाच उपयोग, आणि तो मला लहान वाटत नाही.

नावाने सगळं होतं असंही मी मानत नाही. बियाण्याच्या पिशवीवर कंपनीचं नाव असतं म्हणून ती विकली जाते, पण धानाच्या बांधीत काय उगवतं ते चिखलणीवर आणि पाण्यावर ठरतं, हे बाबांनीच शिकवलं आहे. म्हणून मी विषय आधी ठरवला आणि मग विद्यापीठ पाहिलं.

विषय सांगते. बाबा, इथे हळू वाचा.

सरकारने घेतलेल्या नदीकाठच्या बांधीचा मोबदला तुम्ही घेतला तेव्हा "हरकत राखून" असं लिहून घेतला नव्हता. १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्यात तसं लिहिलं नाही तर कलम १८ खाली वाढीव मोबदल्यासाठी कोर्टात जाता येत नसे. ते तुम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि ते तुम्हाला ठाऊक असायला हवं होतं असं मला कधीही वाटलेलं नाही. पण त्याच कायद्यात कलम २८-अ होतं. एकाच अधिसूचनेतल्या दुसऱ्या शेतकऱ्याला कोर्टाने वाढवून दिलं, तर कोर्टात न गेलेल्यालाही त्याच आधारावर मागता येतं. मुदत मात्र तीन महिन्यांची, तीही निकालाच्या तारखेपासून. ज्याला शेजाऱ्याचा निकाल लागला हेच माहीत नाही, त्याने तीन महिन्यांत काय करायचं? २०१३ चा नवा कायदा आला, मोबदल्यावर मिळणारी दिलाशाची रक्कम ३० टक्क्यांवरून १०० टक्के झाली, पण तीन महिन्यांची मुदत कलम ७३ मध्ये तशीच राहिली. मला प्रबंध ह्याच्यावर लिहायचा आहे. तालुक्याच्या कोर्टात बसून मी एकेकाचा अर्ज लिहू शकते, तो मी लिहीतच राहीन. पण मुदत का बदलायला हवी हे मांडायला ग्रंथालय लागतं, ह्या विषयात मुरलेले शिक्षक लागतात, आणि वाचणाऱ्याने पहिलं पान उलटावं म्हणून वर एक नाव लागतं. आपली बांधी परत येणार नाही. मी त्यासाठी जात नाही आहे, तुम्ही तो भार मनावर घेऊ नका.

पैशांचं. बैलजोडी विकायची नाही, आईच्या पाटल्यांना हात लावायचा नाही, सातबाऱ्यावर बोजा चढवायचा नाही. केंद्राची विद्यालक्ष्मी योजना आहे. चांगल्या क्रमांकाच्या संस्थांच्या यादीत कॉलेज असेल तर शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, जामीनदारही लागत नाही. म्हणजे नावाचा हा दुसरा उपयोग. कर्ज मीच फेडणार. पुढे नेट दिली तर लॉ कॉलेजात शिकवता येईल. न्यायाधीशाच्या परीक्षेला सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये तीन वर्षं वकिलीची अट परत लावली, ती माझी पूर्ण झालेली आहे, त्यामुळे हे वर्ष वाया जात नाही. मामांनी सांगितलेल्या स्थळाला नकार कळवू नका आणि होकारही कळवू नका. मुलगी शिकायला जाते आहे एवढंच सांगा. थांबणारा असेल तर थांबेल.

आई, तू आता माझ्या जेवणाची काळजी करत असशील. तिकडे दोन्ही वेळा भातच असतो, आपल्यासारखाच. मुलींचं वसतिगृह आवारातच आहे, रात्री बाहेर पडायचं काम नाही. तिखट आपल्यापेक्षा कमी नसतं. तू फक्त लाखोळीची डाळ आणि सांडगे बांधून दे, आणि लोणच्याची बरणी लहान दे, मोठी दिली की मला ती सगळ्यांना वाटत बसावी लागते.

मंडईच्या जत्रेच्या रात्री मी तुझ्या मांडीवर झोपायचे ते आठवतं का? नाटक पहाटेपर्यंत चालायचं. मला जाग यायची ती बाबांच्या खांद्यावर, वाटेत दव पडत असायचं आणि तू मागून माझ्या पायांवर पदर टाकायचीस. अजूनही नवीन जागी पहिल्या रात्री झोप आली नाही की मी तेच आठवते. वय झालं माझं, तरी.

आता दोघांनी ऐकायचं, आणि ह्यात वाद नको. बाबा, अनवाणी बांधीत उतरायचं नाही. गमबूट आणून दिलेत ते कोनाड्यात ठेवायला नाहीत. साखर असलेल्या माणसाच्या पायाला जखम झाली तर कळतही नाही, मागच्या पावसाळ्यात अंगठा किती चिघळला ते आईला विचारा. रोज रात्री आईने दोन्ही तळवे उजेडात पाहायचे. गोळी जेवणाआधीची जेवणाआधीच घ्यायची. रानडुकरांसाठी जागलीला तुम्ही जायचं नाही, गडी लावा, मजुरी मी पाठवते. आई, गुडघा दुखतो तर चुलीपुढे उकिडवं बसायचं नाही, गॅसचा ओटा त्यासाठीच बांधला आहे. एकादशा कमी कर. रोवणीला चिखलात उतरायचं नाही, बांधावर बसून बायांना सांगितलंस तरी चालतं, तुझा आवाज पुरेसा आहे. दर महिन्याला साखर तपासायची आणि कागदाचा फोटो मला पाठवायचा. शेजारच्या पोराला मी सांगून ठेवलं आहे, तो मोबाईलवर पाठवील.

रागावलं असाल तर रागवा. पण "आम्ही राहू कसेतरी" असं म्हणू नका. त्याने मला फार होतं.

येत्या शनिवारी मी येते. बँकेचं काम उन्हाळ्यात होईल, पण कर्जाच्या अर्जाचा नमुना आत्ताच घेऊन येते. बाबा, त्यावर पालक म्हणून तुमची सही लागणार आहे. आपण दोघं बसून एकेक ओळ वाचू, जिथे समजणार नाही तिथे थांबू, आणि सगळं पटलं तरच सही करा. नाही म्हणायचं असेल तर मलाच म्हणा, दादाजवळ नको. येताना पवनीहून आईच्या गुडघ्याचं मलम आणते, जुनी नळी फेकून देऊ नका, नाव पाहायचं आहे.

तुमची,
बेबी