जुन्या मसल कार आणि पडद्यावरची चुकीची माहिती

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

जुन्या अमेरिकन मसल कार (१९६०-७०च्या दशकांतल्या, मोठ्या इंजिनाच्या दमदार गाड्या) दुरुस्त करून विकण्याचे टीव्ही कार्यक्रम आपल्याकडे आवडीने पाहिले जातात. अमेरिकेतले मराठी हौशी तर त्यांच्या भरवशावर गाड्याही घेतात. प्लिमथची ‘कूडा’ डॉज म्हणून दाखवली की जाणकार चिडतात, पण त्यात कुणाचे पैसे जात नाहीत. ज्या चुकांनी पैसे जातात किंवा इंजिन जातं, त्यांबद्दल हे पत्र.

१९६९ची शेव्हरोले कॅमॅरो झेड-२८, म्हणजे कॅमॅरोची खास वेगवान आवृत्ती, घ्या. निवेदक डॅशबोर्डवरचा चासी नंबर दाखवतो आणि गाडी अस्सल असल्याचं सांगून मोकळा होतो. त्या नंबरावरून इंजिन सहा सिलिंडरचं की आठ सिलिंडरचं (व्ही-८), मॉडेल वर्ष आणि कारखाना कळतो. झेड-२८ आहे की साधी, हे मुळीच कळत नाही. त्यासाठी बॉनेट उघडून उजव्या सिलिंडर हेडच्या पुढची ब्लॉकवरची सपाट पट्टी पुसायला हवी. तिथे इंजिन जुळणीची तारीख, शेवटी ‘डीझेड’ ही अक्षरं आणि चासी नंबरचा शेवटचा भाग पंच केलेला असतो. ब्लॉकच्या ओतकामाची तारीख जुळणीच्या आधीची हवी आणि जुळणीची तारीख गाडी बांधण्याच्या आधीची. क्रम उलटा निघाला तर इंजिन मागाहून बसवलेलं आहे. पट्टीवर कारखान्याच्या यंत्राच्या बारीक समांतर रेघा नसतील, तर घासून नवे नंबर ठोकल्याचा संशय घ्यावा.

क्रायस्लरचं तसं नाही. तिच्या १९७०च्या डॉज चॅलेंजरच्या चासी नंबरातलं पाचवं अक्षर थेट इंजिन सांगतं: ‘आर’ म्हणजे ४२६ घन इंचाचं हेमी, ‘व्ही’ म्हणजे ४४० घन इंचाचं सिक्स पॅक. एका कंपनीचा नियम दुसरीला लावला की फसगत ठरलेलीच. ‘जगात अशी एकच गाडी’ हा दावाही ऐकू येतो. रंग, छप्पर, गिअर आणि रेडिओ अशा अटी जोडत गेलं तर कुठलीही गाडी एकमेव ठरवता येते. १९६९च्या झेडएल-१ या आवृत्तीच्या कॅमॅरो फक्त ६९ बनल्या, त्या दुर्मीळ. त्याच वर्षीच्या झेड-२८ वीस हजारांवर होत्या.

सगळ्यात महागात पडते ती नव्या इंजिनाची पहिली स्टार्ट. पडद्यावर किल्ली फिरते, इंजिन मंद घुरघुरतं, सगळे टाळ्या वाजवतात. सपाट टॅपेटच्या कॅमशाफ्टला, म्हणजे टॅपेट नावाचे दांडे ढकलून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला, नेमकं हेच मारतं. कॅमच्या लोबवर, म्हणजे टॅपेटला ढकलणाऱ्या उंचवट्यावर, तेल येतं ते मुख्यतः फिरत्या क्रँकने उडवलेलं. आयडलला, म्हणजे इंजिन मंद चालत असताना, ते पुरत नाही. शिवाय टॅपेट आपल्या भोकात गोल फिरत राहायला हवा. तो अडला की लोब काही मिनिटांत घासून सपाट होतो आणि लोखंडाची भुकटी तेलातून बेअरिंगपर्यंत जाते.

नीट करायचं तर लोबला आणि टॅपेटच्या तळाला मॉलिब्डेनमची पेस्ट लावावी, जस्त-फॉस्फरसयुक्त तेल भरावं. छोट्या ब्लॉकच्या शेव्हरोलेत डिस्ट्रिब्यूटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) काढून ऑइल पंप ड्रिलने घड्याळाच्या दिशेने फिरवावा, रॉकरवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या वरच्या तरफांवर) तेल दिसेपर्यंत. ठिणगीचं टायमिंग आधीच जुळवावं आणि कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल भरून ठेवावं, म्हणजे स्टार्टर रेटत बसावं लागत नाही. इंजिन पेटलं की लगेच २००० ते २५०० आरपीएमवर न्यावं आणि थोडं वरखाली करत २०-३० मिनिटं चालवावं. दुहेरी व्हॉल्व्ह स्प्रिंग असतील तर आतल्या तेवढ्यापुरत्या काढाव्यात. मग तेल आणि फिल्टर बदलावा. यातली अर्धी कामं कार्यक्रमात दोन वाक्यांत सांगता येतील. वेळ नाही ही सबब पटत नाही.

वाहिन्यांनी चित्रीकरणाआधी त्या कंपनीच्या गाड्या जाणणाऱ्या एका माणसाकडून संहिता तपासून घ्यावी, आणि चुकलेला भाग पुन्हा दाखवताना पडद्यावर दुरुस्तीची पट्टी द्यावी.

एक विनंती आपल्या दैनिकालाही. १९७१पर्यंत अमेरिकन कंपन्या प्रामुख्याने ग्रॉस हॉर्सपॉवर सांगत. ती टेस्ट स्टँडवर, एअर क्लीनर आणि गाडीचा सायलेन्सर न लावता मोजलेली असे. १९७२पासून सर्वत्र नेट आकडा, म्हणजे हे भाग लावून मोजलेला, आला. १९७१च्या कॉर्व्हेटमधल्या ४५४ घन इंचाच्या एलएस-५ इंजिनाचे दोन्ही आकडे कंपनीनेच दिले होते: ग्रॉस ३६५, नेट २८५. इंजिन तेच, वर्ष तेच. तरीही ‘एका वर्षात एवढी ताकद घटली’ अशी वाक्यं कार्यक्रमांतून छापील लेखांत उतरतात. आपल्या वाहनविषयक पानावर जुन्या गाडीची ताकद देताना ग्रॉस की नेट, हे आकड्याशेजारी छापावं.

आपला,
एक वाचक, मिशिगन