‘मसल’मधला उंदीर आणि आपली बेटकुळी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझा नातू तालुक्याच्या शाळेत सातवीच्या सेमी इंग्रजी वर्गात शिकतो. परवा रात्री ओसरीवर बसून तो ‘मसल’चे स्पेलिंग घोकत होता आणि त्यातला ‘सी’ दर खेपेस गळत होता. जे अक्षर उच्चारात ऐकूच येत नाही ते लिहायचे कशासाठी, हा त्याचा प्रश्न रास्त होता; वर्गात मात्र त्याला ‘मसल म्हणजे स्नायू, पाठ करा’ एवढेच सांगितले गेले होते. तीस वर्षे खेड्यांतून इंग्रजी शिकवलेल्या माणसाला हे सलते, म्हणून हे पत्र.

हा शब्द लॅटिन ‘मुस्कुलुस’वरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. लॅटिनमध्ये ‘मुस’ म्हणजे उंदीर आणि ‘मुस्कुलुस’ म्हणजे छोटा उंदीर. न उच्चारला जाणारा ‘सी’ ही त्याच ‘मुस्कुलुस’ची खूण असून ‘मस्क्युलर’ म्हणताना तो पुन्हा ऐकू येतो. ग्रीक भाषेत तर ‘मुस’ हा एकच शब्द उंदीर आणि स्नायू या दोहोंसाठी होता. हृदयाच्या दुखण्यात डॉक्टर ‘मायोकार्डियल’ म्हणतात, त्यातला ‘मायो’ तोच. आणि आपल्या गणपतीचे वाहन असलेला मूषक, इंग्रजीतला ‘माउस’ व लॅटिनमधला ‘मुस’ ही तर एकाच घराण्यातली भावंडे आहेत.

शरीराच्या अवयवात उंदीर दिसावा तरी कसा, असे नातवाने विचारले. आमच्या अंगणात सोयाबीनची गंजी ताडपत्रीने झाकून ठेवली होती. तिच्याखालून उंदीर पळाला की ताडपत्रीवर एक उंचवटा सरकत जातो, हे त्याने कैकदा पाहिलेले आहे. मी त्याला मूठ वळून हात कोपरात दुमडायला लावला आणि कातडीखाली वर सरकणाऱ्या गोळ्यावर त्याचेच बोट ठेवले. तेव्हा तो आपणहून म्हणाला, “आबा, हे तं बेटकुळी आहे!”

हीच गोष्ट मला महत्त्वाची वाटते. रोमन लोकांना त्या गोळ्यात उंदीर दिसला, तर आपल्या पूर्वजांना टुणकन वर येणारी लहानशी बेडकी दिसली. बेटकुळी, किंवा बेडकुळी, हा शब्द आखाड्यातल्या पहिलवानाच्या तोंडी असतो, तसाच पोते पाठीवर घेणाऱ्या गड्याकडे कौतुकाने पाहणाऱ्या म्हातारीच्याही तोंडी असतो. पाठ्यपुस्तकात मात्र तो मला कधी दिसला नाही.

त्याच्या जागी जो ‘स्नायू’ आहे, त्याचीही कथा सरळ नाही. सुश्रुतसंहितेत स्नायू 900 आणि पेशी 500 सांगितल्या आहेत. तिथे मांसाच्या गोळ्याला पेशी म्हटले असून स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारे दोरखंडासारखे बंध. आज मराठीत स्नायू म्हणजे ‘मसल’ आणि पेशी म्हणजे ‘सेल’, तर हिंदीत ‘मसल’ला मांसपेशी म्हणतात. आमच्या विदर्भातल्या मुलांच्या कानांवर दूरदर्शनची व बाजारपेठेची हिंदी रोजच पडते, त्यामुळे मांसपेशी हा पेशीचाच एखादा प्रकार असावा असे समजून चुकीचे उत्तर लिहिणारी मुले मी स्वतः तपासलेल्या वह्यांतून पाहिली आहेत. यात दोष मुलांचा नाही. शब्द कुठून आला हे त्यांना कोणी सांगतच नाही.

परिभाषा बदला, असे माझे म्हणणे नाही. स्नायू हा शब्द आता रुळला आहे आणि तो राहावा. पण विज्ञानाच्या पुस्तकात ‘मसल’ शिकवताना उंदराची ही गोष्ट दोन ओळींत आणि बेटकुळी हा शब्द कंसात यायला काय हरकत आहे? पाठ्यपुस्तक बदलायला वेळ लागेल. तोवर आपल्या बालपुरवणीत दर आठवड्याला अवयवांच्या एकेका इंग्रजी नावाची अशी उकल छापावी, आणि त्यासोबत पोटरी, टाच, बरगडी, मनगट यांना आपापल्या गावात काय म्हणतात ते वाचकांकडून मागवावे, अशी आग्रहाची विनंती आहे. आमच्या गावातले शब्द गोळा करून पाठवण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त शिक्षक, जि. बुलढाणा