मलम देण्याआधी दोन प्रश्न

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गर्दी ओसरेपर्यंत बाजूला उभी राहून, मग घडी घातलेली चिठ्ठी न बोलता पुढे सरकवणारी स्त्री औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेली असते. चिठ्ठीवर बहुधा योनीमार्गातल्या खाजेच्या मलमाचे नाव असते. चार माणसांसमोर मोठ्याने चौकशी केली, तर 'असू द्या' म्हणून ती निघून जाते. काहीच न विचारता ट्यूब दिली, तर समाधानाने जाते, पण पुष्कळदा नको ते औषध घेऊन. पंचवीस वर्षे फार्मासिस्ट म्हणून काउंटरमागे उभी राहिल्यावर या दुसऱ्या प्रकाराबद्दल लिहावेसे वाटते, कारण त्यात चूक आमची असते.

अशी खाज बहुधा ज्याने येते, तो कॅन्डिडा नावाच्या बुरशीमुळे होणारा योनीमार्गाचा संसर्ग, म्हणजे थ्रश, साधारण ४ पैकी ३ स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी होतो. तो अस्वच्छतेमुळे होत नाही आणि लैंगिक आजारांतही मोडत नाही. एवढे वाक्य हळू आवाजात सांगितले तरी समोरचा चेहरा सैल होतो. खाज, आग आणि दह्याच्या कवडीसारखा, फारसा वास नसलेला पांढरा स्राव ही त्याची ओळख. स्राव पातळ, करडा आणि माशासारख्या वासाचा असेल, तर कारण बहुधा जिवाणूंचे असमतोल वाढणे हे असते; पिवळसर-हिरवा आणि फेसाळ असेल, तर आणखी वेगळे. या दोन्हींवर बुरशीचे मलम उपयोगाचे नाही. मात्र 'अंगावरून पांढरे जाते' या एकाच वाक्यात हे सगळे मावते, म्हणूनच वास, रंग, ताप, ओटीपोटातले दुखणे आणि रक्त यांविषयी विचारणे भाग असते.

दुसरा प्रश्न 'याआधी कधी झाले होते?' हा. तो मी एकदा विचारला नाही. एक ओळखीच्या बाई चार महिन्यांत तिसऱ्यांदा तेच मलम घेऊन गेल्या आणि 'गुण येतो, पण पुन्हा होते' हे त्यांचे बोलणे मी हसून ऐकून घेतले. पुढे त्यांना मधुमेह असल्याचे निघाले. पहिल्यांदाच त्रास होत असेल, सहा महिन्यांत दोनपेक्षा अधिक वेळा झाला असेल, वय १६ पेक्षा कमी किंवा ६० पेक्षा जास्त असेल, दिवस गेलेले असतील किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर मलम न देता डॉक्टरांकडे पाठवावे. ज्यांचा मधुमेह आधीच माहीत आहे, त्यांच्या गोळ्यांची नावेही पाहावीत. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, आणि त्यामुळे हा संसर्ग वाढतो. नुकताच अँटिबायोटिकचा कोर्स झाला होता का, हेही त्याच ओघात विचारता येते.

औषध द्यायचे ठरले, तर क्लोट्रिमॅझोलची ५०० मिलीग्रॅमची एक गोळी रात्री झोपताना योनीत ठेवायची, किंवा फ्लुकोनाझोलची १५० मिलीग्रॅमची एक गोळी पोटात घ्यायची, हा नेहमीचा उपचार आहे. गरोदरपणात पोटात घ्यायची गोळी देऊ नये. मलम आणि योनीत ठेवायची गोळी यांनी कंडोम कमकुवत होतो, हे संकोचामुळे आम्ही सांगतच नाही. जोडीदाराला त्रास नसेल, तर त्याला उपचाराची गरज नसते. सात ते चौदा दिवसांत आराम पडला नाही, तर दुसरी ट्यूब मागायला न येता तपासून घ्यावे. सुगंधी साबणाने आतून धुण्याचा सल्ला कोणी दिला असेल, तर तो मात्र तिथल्या तिथे खोडून काढावा.

'लवकर गुण येतो' म्हणून मागितली जाणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमे खाज दडपतात, पण बुरशीला मोकळीक देतात आणि नाजूक त्वचा पातळ करतात. ती विकायला सोपी असतात, यापलीकडे त्यांच्या बाजूने मला काही सापडलेले नाही.

तोंडातल्या थ्रशबाबत एकच गोष्ट आवर्जून सांगते. जिभेवरच्या पांढऱ्या थरासाठी मायकोनाझोलचे जेल मागणाऱ्याला 'रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का?' असे विचारावेच, कारण वॉरफॅरिनसोबत त्याने गंभीर रक्तस्राव होऊ शकतो. चार महिन्यांखालच्या बाळाला ते जेल देऊ नये, घशात अडकण्याचा धोका असतो. दम्याचा स्टेरॉइड पंप ओढणाऱ्यांना पंपानंतर चूळ भरायला, आणि कवळी वापरणाऱ्यांना ती रात्री काढून ठेवायला सांगितले, तर निम्मे काम होते.

या विचारपूसीला दोन मिनिटे पुरतात. दुकानात वेगळी खोली नसते हे खरे, पण काउंटरचे एक टोक मोकळे ठेवता येते. आम्ही मागच्या वर्षी तिथला टॉनिकच्या बाटल्यांचा ढीग हलवला. आता चिठ्ठी घेऊन येणाऱ्या बाया आपणहून त्या टोकाला येऊन उभ्या राहतात.

कळावे,
आपली नम्र,
एक फार्मासिस्ट